दुसरी बोअर

२ ऑक्टोबर २०२१

वहिनी, नमस्कार.

माझं अक्षर पाहून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या. वाटणीच्या वेळी आपण दोघांनी जो तमाशा केला, त्यानंतर दादानेच नियम घालून दिला होता की तुम्ही दीर-भावजयीने एकमेकांशी बोलायचं नाही, काय असेल ते लिहायचं. दादा गेला, नियम मी पाळतो आहे. शिवाय तुम्ही माझा फोन उचलत नाही, हेही आहेच.

आधी आईचं. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ अजून ठणठणीत. माझ्या घरात आता आठ म्हातारी माणसं राहायला आहेत, त्यांच्यावर हुकूम चालवते तीच. मी नुसता नावाचा मालक.

या उन्हाळ्यात मात्र माझं धाबं दणाणलं. गल्लीत प्रत्येकाने एसी लावलेत. दुपार झाली की सगळे एकदम सुरू होतात, ट्रान्सफॉर्मर उडतो आणि मग सगळेच उकडत बसतात. आमच्याकडचे निवृत्त पोस्टमास्तर घामाघूम होऊन खाली कोसळले. हॉस्पिटलमधून परत आले, पण त्यांच्या मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून विसरलो नाही.

म्हणून एक योजना केली आहे. जमिनीत खोल असलेलं पाणी बारा महिने सारखंच गार असतं. ते एका बोअरने वर ओढायचं, छतात बसवलेल्या नळ्यांतून घरभर फिरवायचं, आणि खोल्यांची उष्णता घेऊन कोमट झालं की दुसऱ्या बोअरने पुन्हा जमिनीत सोडायचं. पाण्याचा एक थेंब खर्च होत नाही. लागतो तो एक पंप, तोही छोट्या जनरेटरवर चालणारा. हिवाळ्यात उलट करायचं, म्हणजे उन्हाळ्यात जमिनीत साठवलेली ऊब वर आणायची आणि घर उबदार ठेवायचं. सगळा जन्म हॉस्पिटलचे बॉयलर आणि लिफ्ट सांभाळण्यात गेला, पण इतकी सरळ गोष्ट मी पाहिली नव्हती.

अडचण एकच. आमच्या इंजिनियरबाई म्हणतात, दोन बोअरमध्ये भरपूर अंतर हवं. जवळजवळ मारल्या तर आपणच सोडलेलं कोमट पाणी जमिनीतून झिरपत ओढायच्या बोअरकडे येतं, आणि दोन-चार वर्षांत सगळा गारवा संपतो. माझ्या अर्ध्यात घर उभं आहे, मोकळी जागा वीतभर. तुमचा अर्धा भाग दादा गेल्यापासून तसाच पडून आहे, गवत कमरेपर्यंत आलंय. त्याच्या टोकाच्या कोपऱ्यात एक बोअर मारू द्या. वर फक्त एक लोखंडी झाकण दिसेल. जागा तुमची ती तुमचीच राहील, हवं तसं लिहून देतो.

आईसाठी विचारतो आहे, एवढं लक्षात घ्या.

तुमचा दीर

१६ ऑक्टोबर २०२१

भाऊजी,

पत्र मिळालं. आईंच्या गुडघ्यांना शेक देत जा.

मी मोजणीच्या ऑफिसात नोकरी केली हे तुम्ही विसरलात वाटतं. माझा सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला. जमीन कुणाची कशी जाते हे मी टेबलापलीकडून रोज पाहिलंय. कुणी येऊन एकदम बळकावत नाही हो. आधी एक पाइप टाकू का म्हणून विचारतात, गोड बोलून. मग पाइपाला दुरुस्ती लागते म्हणून पायवाट. मग पायवाटेवर कुत्री येतात म्हणून कुंपण. दहा वर्षांनी मूळ मालक नकाशा घेऊन आमच्या खिडकीशी उभा असतो आणि आम्ही त्याला सांगतो की साहेब, ताबा कुणाचा आहे ते बघा. आज तुमची बोअर, उद्या तुमचं कंपाउंड. तेव्हा माझं उत्तर नाही.

आणि आईंचं नाव मध्ये घालू नका. वाटणीच्या वेळीही तुम्ही हेच केलं होतं. म्हणालात, 'घर मला, कारण आई माझ्याकडे राहणार.' ह्यांनी मान खाली घालून मोकळी जागा घेतली, एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी आज चौथ्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली राहत नसते. ती जागा माझ्या लेकीची आहे. तिला गवत वाढवायचं असेल तर गवत वाढवील.

तुम्ही एवढे हुशार आहात, तर तुमच्याच अर्ध्यात काय ते बसवा.

वहिनी

२९ ऑक्टोबर २०२१

वहिनी,

हुकूम शिरसावंद्य. माझ्याच अर्ध्यात बसवतो.

ओढायची बोअर पुढे फाटकाशी, सोडायची मागे मोरीच्या भिंतीला लागून. इंजिनियरबाई नाक मुरडत होत्या. "अंतर फार कमी पडतंय, कागदावर माझी सही मिळणार नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुमची सही नको, तुमचं मशीन द्या. बोअरवाल्याला सहीशी काही घेणं नसतं, तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला.

आता पुन्हा काही मागणार नाही. एकदा तोंड वेंगाडलं, तेवढं पुरे.

दीर

१० मे २०२२

वहिनी, नमस्कार.

राहवत नाही म्हणून लिहितो. तुमच्याकडेही उन्हाने कहर केला असेल. इथे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि माझ्या घरात आई दुपारी पायांवर पांघरूण घेऊन झोपते!

बघायला रोज कुणी ना कुणी येतं. परवा नगरपालिकेची माणसं आली होती. त्यांना पंपाच्या खोलीत नेलं. तिथे दोन नळ्या शेजारी शेजारी आहेत. येणाऱ्या नळीला हात लावा म्हटलं, तर गार, अगदी माठाला हात लावल्यासारखी. मग जाणाऱ्या नळीला लावायला सांगितला, ती कोमट. म्हटलं, या दोन नळ्यांत जो फरक आहे ना, तो माझ्या म्हाताऱ्यांच्या अंगातून काढलेला उन्हाळा. साहेब एवढे खूश झाले की गावातल्या सगळ्या वृद्धाश्रमांसाठी माझं घर नमुना म्हणून दाखवायचं ठरवून गेले.

गल्लीतली वीज तीन वेळा गेली. आमचा पंप जनरेटरवर चालू, कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरातले सगळे पंखे मी उतरवून भंगारात दिले. नमुन्याच्या घरात पंखा दिसला की लोक शंका काढतात. खिडक्या पक्क्या बंद करून घेतल्या आहेत, म्हणजे गारवा बाहेर जात नाही. आई म्हणते, दादा असता तर त्याने माझी पाठ थोपटली असती. मलाही तसंच वाटतं.

आणि हे सगळं माझ्याच अर्ध्यात, बरं का.

दीर

४ जून २०२२

भाऊजी,

अभिनंदन. ह्यांनी पाठ थोपटली असती की नाही ते ठाऊक नाही. तुमचं पत्र वाचून मात्र थोपटायला पाठ उरली असेल असं वाटत नाही, तुमची तुम्हीच थोपटून लाल केलेली दिसते.

आईंना नमस्कार सांगा.

वहिनी

२० मार्च २०२५

भाऊजी, नमस्कार.

पहिली दोन वर्षं उन्हाळा आला की तुमचं शेखी मिरवणारं पत्र यायचं. गेल्या वर्षी आलं नाही. तब्येत बरी आहे ना?

आज माझंच काम आहे, आणि ते लिहायला मला जड जातंय. माझी आई दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, हे आईंनी तुम्हाला सांगितलं असेलच. मागचा उन्हाळा तिने कसा काढला ते मी डोळ्यांनी पाहिलं. गच्ची दिवसभर तापते, संध्याकाळी पाणी मारलं तर वाफा येतात. लिफ्ट बंद पडली की तिला खाली नेता येत नाही. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, की पुन्हा असा उन्हाळा या खोलीत काढला तर तिच्या हृदयाला झेपणार नाही. एसी लावला होता. दुपारी वीज जाते, मग त्याचा डबा नुसता भिंतीवर टांगलेला.

तुमच्या घरात एक कॉट मिळेल का? पावसाळा सुरू होईपर्यंत. तुमचा जो दर असेल तो घ्या, सवलत नको. तिची आणि आईंची दोन विहिणींची जोडी जमेल. लग्नापासून एकमेकींना टोमणे मारायची दोघींना सवय आहे, वेळ मजेत जाईल.

तिचा टेबलफॅन सोबत देते. त्याच्या घरघरीशिवाय तिला झोप येत नाही.

मी तुम्हाला जागा दिली नव्हती, हे मला आठवतंय. ते तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही.

वहिनी

२८ मार्च २०२५

वहिनी, नमस्कार.

काय हे, तुमची आई म्हणजे परकी आहे का? दराचं बोलून मला लाजवू नका. आईच्याच खोलीत दुसरी कॉट टाकतो. ती पूर्वेची खोली आहे, दुपारचं ऊन लागत नाही.

माझं पत्र आलं नाही कारण कामाचा व्याप वाढला. आधी आठ माणसं होती, आता बारा आहेत. तब्येत झकास.

पंखा तेवढा पाठवू नका. आमच्या घरात पंखा नाही, ठेवतही नाही. मे महिन्यात राजधानीतून मंडळी नमुना बघायला येणार आहेत. गारव्याच्या घरात म्हातारी पंख्यापुढे बसलेली दिसली तर माझं हसं होईल. घरघर हवी असेल तर आमचे पोस्टमास्तर रोज दुपारी घोरतात, त्यांची खोली शेजारीच आहे.

जागेचं मी काही बोललो का? नाही बोललो. तुम्हीच बोललात. तुम्हाला माझ्या घराची आठवण झाली, एवढं मला पुष्कळ आहे. खरं सांगतो, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं.

त्यांना निर्धास्त पाठवा.

तुमचा दीर

२२ एप्रिल २०२५

सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझा दीर म्हणाला, दोन ओळी खरडून टाक म्हणजे वहिनींचा जीव भांड्यात पडेल. तो पलीकडे उभा राहून विचारतोय काय लिहिलंस म्हणून, तर सांगते की इथे सगळं छान आहे.

तुझी आई पोहोचली त्या दिवसापासून आमचं जुंपलेलं आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमच्या मुलाने खिडक्यांना खिळे मारलेत का हो?" मी म्हटलं, "विहीणबाई, खिडकी उघडली तर गारवा पळून जातो." तर म्हणते कशी, "आधी आत असेल तेव्हा पळेल ना!" ऐकलंस? तुझी जीभ कुणावर गेली ते आता कळलं.

तिला एक नवीन खूळ लागलंय. रुमाल ओला करून मानेवर ठेवते, वाळला की पुन्हा ओला करते. दिवसभर तेच. दुपारी कॉट सोडून खाली फरशीवर आडवी होते. म्हणते फरशी गार लागते. मीही परवा तिच्या शेजारी आडवी झाले. दोघी विहिणी फरशीवर पडून लग्नातल्या मानपानाची उजळणी करत होतो. कुणी पाहिलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं. उठताना एकमेकींना ओढून उठवावं लागलं.

जेवण कमी झालंय तिचं. पाणी पिते भरपूर. पंख्याची आठवण काढते, लहान मुलाची काढावी तशी. तुझा दीर हल्ली सारखा पंपाच्या खोलीत असतो. फार राबतो गं तो. त्याच्या मनासारखं व्हावं एवढंच मला वाटतं, पाहुणे येऊन जाऊ देत एकदा.

काळजी करू नकोस. तू स्वतःला जप.

तुझी सासू

१ मे २०२५

भाऊजी,

आईंचं पत्र मिळालं. इतकं हसले की शेजारीण विचारायला आली. माझी आई अजून भांडते म्हणजे बरी आहे.

फक्त तिला फरशीवर झोपू देऊ नका. आधीच घर एवढं गार, त्यात फरशी, त्यात मानेवर ओला रुमाल. तिला सर्दी पटकन होते आणि छातीत उतरते. तिचं लोकरीचं जाकीट आणि पायमोजे पार्सलने पाठवते आहे. ती कुरकुर करील, पण दटावून घालायला लावा.

इथे आमच्या बिल्डिंगीत परवा एकजण उष्म्याने गेले. आईला तुमच्याकडे पाठवलं नसतं तर, असं सारखं मनात येतं. तुमचे उपकार मी मानते. हे वाक्य पुन्हा पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेवा.

वहिनी

३० मे २०२५

भाऊजी,

आई गेली त्या दिवशी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. ह्यांचा नियम पाळला असं समजा. आता लिहिते.

दाखल्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. तुमच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा आधी वाटलं, बाहेरच्या उन्हातून आले म्हणून आतही गरम भासतंय. मग आईजवळ बसले. खोली भट्टीसारखी होती. बंद खिडक्या, बारा माणसांचे श्वास, वाऱ्याची झुळूक नाही. आई फरशीवर होती. सासूबाई तिच्या उशाशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होत्या, आणि ती गेली आहे हे कळल्यावरही त्यांनी हात थांबवला नाही. कॉटच्या कोपऱ्यात माझं पार्सल न फोडता पडलेलं होतं. लोकरीचं जाकीट! मी तिला जाकीट पाठवलं, भाऊजी.

सगळे आत गोळा झाले होते तेव्हा मी पंपाच्या खोलीत गेले. पंप छान चालू होता, तुमच्या पत्रात असतो तसाच. येणाऱ्या नळीला हात लावला, मग जाणाऱ्या नळीला लावला. पुन्हा पहिल्या नळीला लावला. दोन्ही सारख्या होत्या. तुम्ही माझ्या आईच्या डोक्यावर दिवसभर कोमट पाणी फिरवत होतात.

बाहेर आले तर पोस्टमास्तर दारात. त्यांना विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यापासूनच. पण साहेब म्हणतात, कुणापुढे बोलू नका, दुरुस्ती चाललीय."

म्हणजे मार्चमध्ये मी पत्र लिहिलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही "निर्धास्त पाठवा" असं लिहिलंत. तिचा पंखा नको म्हणालात. मी तो तिच्या पिशवीतून बाहेर काढून ठेवला, आणि ती गाडीत बसेपर्यंत त्याच्याकडे बघत होती.

तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तुम्हाला चार शिव्या घातल्या असत्या आणि तिला डोंगरावर माझ्या मावशीकडे नेलं असतं. ती आज जिवंत असती. एवढंच सांगायचं होतं.

९ जून २०२५

वहिनी,

तुमचं पत्र चार दिवस उघडलं नव्हतं.

हो, ठाऊक होतं. पहिले दोन उन्हाळे पाणी गार आलं. तिसऱ्या वर्षी मेअखेर येणारी नळी थोडी कोमट लागायला लागली. इंजिनियरबाईंना बोलावलं. त्यांनी पंपाकडे पाहिलंही नाही, फाटकापासून मोरीच्या भिंतीपर्यंत नुसत्या चालत गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सोडलेलं पाणीच तुम्ही पुन्हा ओढताय. मी तेव्हाच सांगितलं होतं." त्यांनी इलाज सांगितला तो एकच. दुसरी बोअर लांब न्या, तुमच्या जागेत.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? तुम्हाला लिहायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वी, हात जोडून, आईचं नाव घेऊन. तुम्ही मला मोजणीच्या ऑफिसातला चोर ठरवलंत. वाटणी झाली तेव्हा आम्ही दोघे भाऊ रडलो होतो, तुम्ही टेप घेऊन उभ्या होतात. पुन्हा तुमच्या दारात जाऊन 'तुमचं खरं होतं, माझ्या अर्ध्यात जमलं नाही' असं म्हणायचं? जीभ रेटली नाही.

मग तुमचंच पत्र आलं. तुम्ही माझ्याकडे मागत होतात. काय वाटलं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मला वाटलं, पंप जास्त वेळ चालवू, रात्री गच्ची धुऊ, निभेल. पाहुणे येऊन नमुन्याला मंजुरी देऊन जातील, मग पाहू. त्या आठवड्यातलं ऊन कुणाच्याच हिशेबात नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत मी पंखे आणायला बाजारभर फिरलो. एका दुकानात एक पंखा उरला नव्हता. खिडक्यांच्या पट्ट्या पहारीने एकेका खोलीत उचकटत गेलो, आईच्या खोलीपर्यंत पोहोचायच्या आतच उशीर झाला होता. पाहुणे आलेच नाहीत, ऊन जास्त म्हणून त्यांनी दौरा रद्द केला.

तुमच्या आईंना मी मारलं असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण म्हटलंत तेच. तसं असेल तर एक गोष्ट तुम्हीही ऐका. बोअर तुमच्या कोपऱ्यात असती तर आज पाणी गार असतं. त्या गवतात तुम्ही काय पिकवलंत वहिनी?

१८ जून २०२५

भाऊजी,

सोबत परवानगी जोडली आहे. माझी आणि लेकीची, दोघींची सही आहे. कोपऱ्यातच असं नाही, माझ्या अर्ध्यात वाटेल तिथे बोअर मारा. झाकण घाला, पायवाट करा, कुंपणही घाला. मोजणी करायला मी येणार नाही.

हे तुमच्यासाठी नाही. सासूबाई अजून त्या खोलीत आहेत. त्या दिवशी मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात सोडला नव्हता, मी सोडवून घेतला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रोज शोधते.

वहिनी

१४ जुलै २०२५

वहिनी,

परवानगी मिळाली त्याच आठवड्यात इंजिनियरबाईंना आणलं. यंत्र लावण्याआधी त्यांनी तुमच्या टोकाच्या कोपऱ्यात एक बारीक भोक घेऊन आत तापमान पाहिलं. नंतर मधे पाहिलं, मग कुंपणाशी. गवतात बसूनच त्यांनी मला सांगितलं.

तुमच्या जागेखालचं पाणीही तापलेलं आहे. जमिनीखाली पाण्याचा ओढा माझ्याकडून तुमच्याकडे आहे. चार उन्हाळे मी या घरातली सगळी उष्णता खाली ढकलत होतो. थोडी माझ्या बोअरमध्ये परत आली, बाकीची तुमच्या अर्ध्याखाली जाऊन बसली. हिवाळे पूर्वीसारखे पडले असते तर घर गरम करण्यात ती वापरून संपली असती, पण तीन वर्षांत आम्हाला थंडीत ऊब अशी लागलीच नाही. म्हणजे तुम्ही नाही म्हणालात ती जागा मी पहिल्या दिवसापासून वापरत होतो. तुम्हाला माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

आता तिथे बोअर मारून तूर्त उपयोग नाही. पंप बंद ठेवायचा आणि जमीन आपोआप निवायची वाट बघायची. किती वर्षं, ते बाईंनाही नक्की सांगता येत नाही. दहा म्हणाल्या, मग म्हणाल्या कदाचित जास्त.

सगळ्यांच्या मुलांनी आपापली माणसं नेली. पोस्टमास्तर शेवटचे गेले. घरात मी आणि आई. आई माझ्याशी बोलत नाही. मी जेवण ठेवतो, ती मी खोलीबाहेर गेल्यावर जेवते. त्या पत्रात तिने तुम्हाला सगळं छान आहे असं लिहिलं ते माझ्यासाठी लिहिलं, आणि त्याचं तिला काय होतंय ते मी बघतो आहे. पंखे आणलेत, लावलेत. ती तिच्या खोलीतला लावू देत नाही.

पुढचा उन्हाळा ती या घरात काढू शकणार नाही. बहीण नाही, मामा राहिले नाहीत. एकदा तुमच्याकडे जागा मागितली होती. आता पुन्हा मागतो आहे, एका कॉटपुरती.

दीर

२१ जुलै २०२५

भाऊजी,

येत्या शनिवारी गाडी घेऊन येते. आईंचे कपडे, औषधं आणि चष्मा एका पिशवीत भरून ठेवा. तुम्ही समोर नसलात तर मला सोपं जाईल.

माझ्याकडेही गारवा नाही, तापलेली गच्ची आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्यांना डोंगरावर मावशीकडे ठेवीन. मावशीला विचारलं, ती हो म्हणाली. एका वाक्यात विचारलं आणि एका वाक्यात हो म्हणाली, इतकं सोपं होतं.

सासूबाई माझ्याशी बोलतील की नाही माहीत नाही. न बोलल्या तरी चालेल.

तुमची जमीन निवली की कळवा. आईंचं वय बघता मी वाट बघणार नाही.

वहिनी